रानझुडपांचं बी: सुप्तावस्था ओळखण्यापासून रोप उभं राहीपर्यंत

सागरगोट्याचं बी कुंडीत टोचून कितीही महिने पाणी घातलं तरी उकरून पाहावं तेव्हा ते तसंच करडं, गुळगुळीत आणि टणटणीत असतं. तेच बी कानशीने एका बाजूला घासून, आतला फिकट भाग दिसू लागल्यावर रात्रभर भिजवलं की टम्म फुगतं आणि थोड्याच आठवड्यांत मूळ टाकतं. मात्र हीच कानस रानगुलाबाच्या बियांवर कितीही चालवली तरी उपयोग शून्य, कारण तिथे अडथळा पाण्याच्या वाटेत नाही. तो आत, भ्रूणात आणि त्याच्याभोवतीच्या जाड कवचात आहे.

रानझुडपांच्या बियांबाबतचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. कुणी सगळंच बी रात्रभर भिजवतं, कुणी सगळंच फ्रिजमध्ये ठेवतं. शेतातल्या पिकांचं बी पेरलं की एकदम उगवतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या तसंच बी राखलं गेलं. रानातल्या झुडपाला ते परवडणारं नाही. सगळं बी एकाच सरीवर उगवलं आणि नंतर उघडीप पडली तर अख्खी पिढी गेली. म्हणून ते उगवण काळात विखरून टाकतं: जिवंत बी ओल मिळूनही थांबून राहतं, हीच सुप्तावस्था. आपल्याला ती विखुरलेली उगवण एकत्र आणायची असते, आणि त्यासाठी उपचाराआधी निदान करावं लागतं.

बी गोळा करणं आणि साफ करणं

फळ पूर्ण पिकलेलं घ्या. गरयुक्त फळांचा गर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढा, कारण गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात आणि तो बियाभोवती वाळला की बुरशीलाही आयतं खाद्य मिळतं. फळं हाताने कुस्करून दुप्पट पाण्यात एक ते दोन दिवस सावलीत ठेवा, मग चाळणीवर चोळून धुवा. तीन-चार दिवस आंबत ठेवलं तर मिश्रण तापतं, आंबूस वास उग्र होतो आणि भ्रूण मरू शकतो. मिक्सर वापरणाऱ्यांनी पात्यांना आधी चिकटपट्टी गुंडाळावी.

सगळं बी उन्हात खडखडीत वाळवायची सवय मात्र सोडा. करवंदासारखं बी फार काळ टिकत नाही. ते धुऊन, सावलीत जेमतेम पाणी निथळवून, लगेच पेरायचं असतं. असं बी वाळून मेलं की लोक त्याला ‘सुप्त’ समजून महिनोन्‌महिने पाणी घालत बसतात. याउलट शेंगवर्गीय झुडपांच्या बियांचं आवरण वाळतानाच पाणी अडवणारं बनतं. त्यामुळे तरवडासारख्या झुडपाची शेंग पिवळी पडू लागली आहे पण बी अजून दातांना मऊ लागेल इतपत आहे, अशा वेळी तोडून तसंच ताजं पेरलं तर बरंचसं बी कुठल्याही उपचाराशिवाय उगवतं. साठवायचं असेल तर अर्थातच हा मार्ग बंद.

पहिला प्रश्न: बी जिवंत आहे का?

पाण्यात टाकून तरंगणारं फेकून द्यायचं, ही पद्धत अर्धवट खरी आहे. पोकळ आणि किडकं बी तरंगतं हे बरोबर, पण पंख, केस किंवा मेणचट थर असलेलं चांगलं बीही तरंगतं. म्हणून पाण्यावर विश्वास ठेवण्याआधी २० बिया घेऊन ब्लेडने उभ्या कापा. आत भरगच्च, पांढरा किंवा हिरवट, ओलसर दिसणारा गाभा असेल तर बी जिवंत असण्याची शक्यता मोठी. तपकिरी, सुरकुतलेलं, पिठूळ किंवा रिकामं असेल तर ते मोजणीतून बाद. २० पैकी १२ चांगल्या निघाल्या तर उरलेल्या साठ्याची उगवण ६० टक्क्यांच्या वर जाणार नाही, आणि पुढे कोणताही उपचार तपासताना शंभराशी नव्हे, या ६० शी तुलना करायची. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे चांगले उपचार ‘फसले’ म्हणून सोडून दिले जातात.

अधिक खात्री हवी असेल तर टेट्राझोलियम चाचणी आहे. भिजवून कापलेलं बी ०.१ ते १ टक्का द्रावणात, ३० अंश सेल्सिअसला, अंधारात काही तास ते एक दिवस ठेवतात. श्वसन चालू असलेल्या पेशी लाल होतात. मोठ्या रोपवाटिकेला ती परवडते, घरच्या प्रयोगाला ब्लेड पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न: बी पाणी पितं का?

ही चाचणी टाळू नका, तिच्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. प्रत्येकी २५ बियांचे दोन गट करा. एका गटातल्या प्रत्येक बीला नेलकटर किंवा कानशीने बारीक चीर द्या, दुसरा जसाच्या तसा ठेवा. दोन्हींचं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर नोंदवा आणि ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. ४, ८, २४ आणि ४८ तासांनी बी बाहेर काढून, कापडाने वरचं पाणी टिपून पुन्हा वजन करा.

चीर दिलेल्या गटाचं वजन ५० ते १०० टक्क्यांनी वाढलं आणि अखंड गट जागचा हलला नाही, तर आवरण पाणी अडवतंय. याला भौतिक सुप्तावस्था म्हणतात. दोन्ही गट सारखेच फुगले तर घासणं, उकळतं पाणी, आम्ल हे सगळं बाजूला ठेवा. अडचण आत आहे. अखंड गटाचं वजन थोडंसंच वाढलं तर बहुधा काही बिया टणक आणि काही मऊ असं मिश्रण आहे. अशा वेळी फुगलेल्या बिया वेगळ्या काढून पेरायच्या आणि न फुगलेल्यांवरच उपचार करायचा.

काट्याविना अंदाज घ्यायचा तर दोन्ही गट शेजारी ठेवून आकार पाहा. मोठ्या बियांत फरक डोळ्यांना कळतो, मोहरीएवढ्या बियांत फसगत होते.

टणक आवरण उघडणं

शेंगवर्गीय झुडपं, मुरुडशेंग आणि तिच्या भेंडीकुळातली भावंडं, डोडोनिया, सुमाक म्हणजे रुस, सिॲनोथस या मंडळींचं बी या गटात येतं. यांच्या आवरणात लांबट पेशींचे खांब एकमेकांना खेटून उभे असतात आणि पाणी आत जायला ठरावीक एक जागा असते. शेंगवर्गात ती बीनाभीजवळची, म्हणजे बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या डागाजवळची, भिंगासारखी लहान उंचवट्याची जागा. निसर्गात उष्णता, वणवा किंवा दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक ती जागा सैल करतो.

थोडं बी असेल तर हाताने घासणं सर्वांत उत्तम. भ्रूणमूळ बीनाभीच्याच जवळ असतं, म्हणून कानस नेहमी विरुद्ध टोकाला किंवा बाजूला चालवा. रंग बदलून आतला फिकट भाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. त्याहून खोल गेलात तर बीजदल जखमी होतं आणि तिथूनच बुरशी शिरते. गुंजेसारखं विषारी बी घासायचं असेल तर मास्क, हातमोजे आणि ओलं फडकं हवंच. ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, आणि लहान मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नका.

बी शेकड्यांत असेल तर रुंद तोंडाच्या बरणीला आतून ८० ते १०० क्रमांकाचा सॅंडपेपर चिकटवा, बी टाका आणि हलवा. दर दोन मिनिटांनी दहा बिया काढून भिजवा. आवरणाची चकाकी जाऊन ते मळकट दिसू लागलं की बहुतेक वेळा काम झालेलं असतं.

गरम पाण्याची पद्धत सोपी दिसते आणि तिच्यातच सर्वांत जास्त बी शिजतं. प्रमाण लक्षात ठेवा: एक भाग बी, आठ ते दहा भाग पाणी. पाणी उकळून आच बंद करा, थर्मामीटरवर ८० ते ९० अंश दिसलं की त्यात बी टाका आणि भांडं तसंच गार होऊ द्या. १२ ते २४ तासांनी फुगलेलं बी काढून लगेच पेरा. न फुगलेल्यावर एकदा पुन्हा हाच उपचार करा. पाणी कमी आणि बी जास्त असेल तर तापमान झपाट्याने उतरतं आणि काहीच घडत नाही. चालू आचेवर बी उकळत ठेवलं तर ते फुगतं खरं, पण मरूनच. फुगलेलं बी म्हणजे जिवंत बी नव्हे, म्हणून अशा लॉटमधल्या चार-पाच बिया कापून पाहाव्यात. पातळ आवरणाच्या जातींना ६० ते ७० अंशही पुरतात, तेव्हा अनोळखी जात असेल तर खालून वर चढा.

तीव्र गंधकाम्लाची पद्धत पुस्तकांत सर्रास दिलेली असते. घरी ती करू नये, हे आमचं स्पष्ट मत. जिथे प्रयोगशाळेची सोय आहे तिथे बी पूर्ण कोरडं असावं, काचेचं भांडं वापरावं, आणि दर १० मिनिटांनी नमुना काढून धुऊन भिजवून वेळ ठरवावा. जातीप्रमाणे ती १५ मिनिटांपासून एक तासापर्यंत, कधी त्याहूनही लांबते. ओलं बी आम्लात टाकलं तर ते जागीच तापून भाजतं. बी बाहेर काढल्यावर भरपूर वाहत्या पाण्यात किमान १० मिनिटं धुवायचं. आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. आवरण एकदा उघडलं की ते परत बंद होत नाही. उपचार केलेलं बी ‘पुढच्या महिन्यात पेरू’ म्हणून ठेवता येत नाही.

बोराची आठोळी या गटात धरू नका. ती टणक असली तरी तिच्यातून पाणी झिरपतं. अडचण असते ती कवच फोडून बाहेर पडण्याची. आठोळी १७ ते १८ टक्के मिठाच्या पाण्यात टाकून बुडालेली घ्या, लगेच साध्या पाण्यात धुवा, आणि शिरेवर हलका हातोडा मारून आतलं चपटं तांबूस बी अख्खं बाहेर काढा. असं बी आठवड्या-दीड आठवड्यात उगवू लागतं. अख्खी आठोळी पेरली तर महिनाभर तरी वाट पाहायची.

भ्रूणच झोपलेला असेल तर

पाणी पिऊनही न उगवणारं बी शरीरक्रियात्मक सुप्तावस्थेत असतं. ढोबळ सांगायचं तर बियातल्या दोन संप्रेरकांपैकी ॲब्सिसिक आम्ल उगवण रोखून धरतं, जिबरेलिन ती सुरू करतं, आणि उपचाराने हा तोल फिरवायचा असतो. कोणता उपचार, याचं उत्तर झुडूप कुठल्या हवामानातलं आहे त्यावरून मिळतं. बी गळल्यानंतर लगेच कोणता ऋतू त्याच्या वाट्याला येतो, तोच ऋतू त्याला द्यायचा.

थंड प्रदेशांतल्या झुडपांना ओला हिवाळा लागतो. रोपवाटिकांत याला स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. यातला ‘ओला’ हा शब्द सुटला की सगळं फसतं. कोरडं बी पाकिटात घालून फ्रिजमध्ये सहा महिने ठेवलं तर ती फक्त साठवण होते. पद्धत अशी: बी २४ तास भिजवा. धुतलेली जाड वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट बियांच्या तिप्पट घ्या आणि ओलं करा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार लागू नये. बी त्यात मिसळून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरा, वर हवेला जागा ठेवा, जात आणि तारीख लिहा, आणि ३ ते ५ अंशांत ठेवा. फ्रीजरमध्ये नको, पाणी प्यालेलं बी गोठलं की पेशी फुटतात. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा बदला. बुरशी दिसली तर बी धुवा आणि वाळू नवी घ्या. फ्रिजमध्येच मुळं डोकावू लागली तर ठरलेली मुदत पुरी होण्याची वाट न पाहता पेरा.

मुदत जातीगणिक बदलते. बर्बेरिसच्या बऱ्याच जातींना ६ ते १२ आठवडे पुरतात. कुत्रागुलाब म्हणजे रोझा कॅनिना याला आधी साधारण १२ आठवडे २० ते २५ अंशांची ओली ऊब लागते. त्या काळात सूक्ष्मजीव कवचाची शिवण सैल करतात. त्यानंतर तेवढीच किंवा थोडी अधिक थंडी. क्रॅटेगसची गोष्टही जवळपास अशीच. सिॲनोथसच्या अनेक जातींना दोन्ही कुलपं असतात: आधी गरम पाणी, मग दोन-तीन महिने थंडी. हा क्रम उलटा केला तर थंडी वाया जाते, कारण कोरड्या भ्रूणाला ती जाणवतच नाही.

व्हायबर्नम सगळ्यात फसवं. काही जातींत उबेत आधी मूळ फुटतं आणि अंकुर तसाच निजून राहतो. मुळासकट ते बी दोनेक महिने थंडीत राहिल्याशिवाय वर काही येत नाही. वर काही दिसलं नाही म्हणून ट्रे उलटा करणाऱ्याला खाली छान मुळं सापडतात, आणि तोवर ती तुटलेली असतात. आयलेक्स आणि सांबुकस यांत भ्रूण बी गळताना अपुरा वाढलेला असतो. आधी त्याची वाढ, मग उगवण, त्यामुळे घाई करून फारसं साधत नाही.

थंडीनंतर पेरलेला ट्रे एकदम २५ अंशांच्या वर नेऊ नका. गुलाबासारख्या बियांत अशाने दुय्यम सुप्तावस्था येते, म्हणजे केलेला सगळा हिवाळा पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १० ते २० अंशांच्या दरम्यान सुरुवात करावी.

उष्ण, कोरड्या प्रदेशांतल्या झुडपांना फ्रिजची गरज नसते. त्यांची सुप्तावस्था आवरणाची तरी असते किंवा कोरड्या साठवणीत आपोआप उतरणारी. तीन ते सहा महिने कागदी पिशवीत, हवेशीर आणि कोरड्या जागी ठेवून दर महिन्याला २५ बिया पेरून पाहिलं की उगवण कशी चढत जाते ते दिसतं. तरवडाला हिवाळा दाखवण्यात काही अर्थ नाही.

जिबरेलिक आम्ल, म्हणजे भुकटीच्या रूपातलं जिबरेलिन, हा जवळचा रस्ता आहे, पण उथळ सुप्तावस्थेतच. ५०० पीपीएमसाठी (दशलक्ष भागांत ५०० भाग) ५० मिलिग्रॅम भुकटी आधी काही थेंब अल्कोहोलमध्ये विरघळवून, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही. बी त्यात २४ तास भिजवा. २५० पासून सुरुवात करून गरज वाटली तर १००० पर्यंत जा. मात्रा जास्त झाली की रोपं लांबोडी, फिकट येतात आणि मान टाकतात. खोल सुप्तावस्थेतलं बी जिबरेलिनला दाद देत नाही, तिथे थंडीला पर्याय नाही.

उजेड आणि धूर

रोडोडेंड्रॉन, बडलेया, धायटी अशा झुडपांचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्याच्याकडे शिदोरी इतकी थोडी की खोलवरून वर येणं शक्य नसतं. अशा बियांपैकी अनेकांना उगवायला उजेडही लागतो. फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाशाने उगवण चालू करतं आणि अतिलाल प्रकाशाने बंद. दाट पानांच्या सावलीत अतिलालच जास्त पोचतो, म्हणून झाडाखाली पडलेलं बी गप्प राहतं. हे बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरा, दाबा, झाकू नका, आणि पाणी खालून द्या. झारीने दिलेलं पाणी ते एका कोपऱ्यात वाहून नेतं.

वणव्याच्या प्रदेशातल्या झुडपांना धूर लागतो हे १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑडोइनिया कॅपिटाटा या झुडपावर दाखवलं गेलं. २००४ मध्ये धुरातलं त्यामागचं संयुग वेगळं करण्यात आलं. त्याला आज कॅरिकिनोलाइड म्हणतात आणि ते अब्जांश प्रमाणातही काम करतं. म्हणूनच धुराच्या पाण्यात ‘थोडं जास्त’ चालत नाही. वाळक्या पानांचा धूर नळीने पाण्यातून बुडबुडत सोडा, पाणी गाळा, आणि १० पट, ५० पट, १०० पट पातळ केलेली तीन द्रावणं करून प्रत्येकात २५ बिया २४ तास भिजवा. दाट पाणी उगवण रोखतं. रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जाळू नका. ग्रेव्हिलिया, एरिका यांच्या अनेक जातींत हा उपचार चालतो, ग्रेव्हिलियात आवरणाला चीर दिल्यास अधिक चांगला. जिथलं वन वणव्यात वाढलेलं नाही तिथल्या झुडपांवर धूर करून बघायचा असेल तर बघा, फार आशा ठेवू नका.

पेरणी

दोन भाग जाड वाळू, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं कुजलेलं खत. खताचं प्रमाण याहून वाढवू नका. कोवळ्या रोपाला पहिल्या पंधरवड्यात बीजदलांतली शिदोरी पुरते, आणि खत वाढलं की रोपमर वाढते. मिश्रण ओलं करून ७० ते ८० अंशांवर अर्धा तास तापवलं तर पिथियम, रायझोक्टोनिया या रोपमर आणणाऱ्या रोगजंतूंचा बराच बंदोबस्त होतो.

खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. रानझुडपं आधी खाली जातात आणि मग वर, म्हणून उथळ ट्रेपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर खोल नळ्या किंवा पिशव्या बऱ्या. उथळ ट्रेत सोटमूळ तळाला जाऊन वळसे घेतं आणि पुढे झुडूप कधीच नीट उभं राहत नाही. पाणी सकाळी द्या, पृष्ठभाग दोन पाण्यांमध्ये किंचित सुकू द्या. रोपं जमिनीलगत पाणचट होऊन आडवी पडू लागली तर ती रोपमर. त्या जागेची माती रोपांसकट काढा, पाणी कमी करा, वारा खेळू द्या. बुरशीनाशकाच्या आधी हे तिन्ही करून बघा.

कोणत्याही अनोळखी जातीचं सगळं बी एका उपचाराला देऊ नका. १०० बिया असतील तर २५ बिनउपचार, २५ चीर दिलेल्या, २५ चीर अधिक जिबरेलिन, २५ चीर अधिक थंडी, असे चार गट करा. बिनउपचार गट वाया गेलेल्या बियांसारखा वाटतो, पण त्याच्याशिवाय बाकी तीन आकड्यांना काही अर्थ राहत नाही. नोंद दर तीन दिवसांनी करा आणि मूळ बाहेर आलेल्या बियाच मोजा. कापणी-चाचणीच्या हिशेबाने २५ पैकी २० जिवंत असाव्यात आणि १८ उगवल्या, तर उपचार ९० टक्के लागू पडला असं धरायचं.

उगवण थांबली की उरलेलं बी काढून पुन्हा कापा. मऊ, कुजकं निघालं तर ते मेलेलं होतं किंवा उपचारात मेलं. घट्ट, पांढरं आणि फुगलेलं निघालं तर भ्रूण अजून झोपेत आहे, त्याला दुसरा हिवाळा किंवा दुसरी ऊब द्या. टणक आणि कोरडं निघालं तर आवरण अजून उघडलेलंच नाही, त्याला पुन्हा कानशीखाली घ्या. आयलेक्स, व्हायबर्नम, क्रॅटेगस यांचे ट्रे तर दोन वर्षं टाकू नयेत. वर जाळी लावून, ओल टिकवून एका कोपऱ्यात ठेवावेत. त्यातली बरीच रोपं दुसऱ्या वर्षीच वर येतात.